रोझमेरी नागपुरात का मरते? या चुका टाळा

दर जुलैत माझ्या दारात तशीच एक रोझमेरीची कुंडी येते. पानं भुरकट, हात लावला की झरझर गळणारी, आणि खाली मातीचा चिखल. आणणारं माणूस दरवेळी वेगळं, बोलणं मात्र तेच: "काकू, पाणी तर रोज टाकतो, तरी वाळली."

रोझमेरी, लव्हेंडर, सेज ही सुगंधी पानांची झाडं नागपुरात जगतात. माझ्या गच्चीवरच्या रोझमेरीला आता सातवं वर्ष लागलं आहे. पण लोक शहराचं तापमान बघून झाड आणतात आणि ज्या कोपऱ्यात ते ठेवायचं, तो कोपरा बघतच नाहीत. झाडाला नागपूर माहीत नसतं. त्याला माहीत असते ती त्याच्या मुळाजवळची माती, मागची भिंत आणि दुपारी चारचं ऊन.

झाड कुठलं आहे ते न विचारणं

रोझमेरी मुळात भूमध्य समुद्राकाठच्या झुडपी रानातली. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच 'समुद्राचं दव' असा सांगतात. पान उलटं करून बघा: कडा आत वळलेल्या आणि खाली पांढरी लव. पानाची श्वासाची छिद्रं या लवेत झाकलेली असतात, म्हणून कोरड्या वाऱ्यात पाणी कमी उडतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या दऱ्यांमध्येही असंच झुडपी रान आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही थोडा. सॅन दिएगोला वर्षाला साधारण 250 मिलिमीटर. तिथली सेजब्रश नावाची झुडपी वनस्पती उन्हाळा लागला की मोठी पानं टाकून देते आणि बारक्या पानांवर दिवस काढते. आपल्याकडे कोणी ती "मेली" म्हणून उपटून टाकली असती.

त्याच दरीत सूर्याकडच्या उतारावर ही करडी झुडपं असतात, आणि समोरच्या उतारावर आणि तळाला हिरवेगार ओक. अंतर हाकेचं. आपल्याला हे नवीन नाही. बरडावर सालई, नाल्याकाठी अर्जुन हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मग बरडावरचं झाड आणून त्याला नाल्याची माती का देता?

माझ्या भाच्याने हेच केलं. फेब्रुवारीत पॉलिहाऊसमधल्या सहा रोझमेरी आणल्या. काळी माती, शेणखत, कोकोपीट असं भरगच्च मिश्रण भरलं, वर प्लास्टिकच्या कुंड्या. मार्चपर्यंत झाडं छान वाढली. एप्रिलच्या शेवटी वाढ थांबली, रंग करडा झाला. झाड उन्हाळ्यापुरतं आवरून बसलं होतं. भाच्याला वाटलं तहान लागली, म्हणून दोन वेळा पाणी सुरू केलं. मग जूनचा पाऊस उघड्या गच्चीवर.

जुलैत मी गेले तेव्हा एक कुंडी उलटी केली. मातीचा गोळा कुंडीच्या आकाराचा तसाच्या तसा बाहेर आला, नालीसारखा वास मारत. एक मूळ नखात धरून ओढलं तर वरची साल सरकून हातात आली, आत नुसता दोरा उरला. सहातल्या पाच गेल्या होत्या. सहावीचे हिरवे शेंडे चार-चार बोटं लांब कापून वाळूत खोचले, त्यातले तीन जगले. "मावशी, पाणी तर टाकतच होतो ना," तो पुन्हा म्हणाला. अरे, तेच तर झालं.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यातली हवेची जागा बंद होते. मुळांना हवा लागते, आणि गरम मातीत तर जास्तच. थंड ओली माती रोझमेरी एक वेळ सोसेल, गरम ओली सोसणार नाही.

माझी पद्धत साधी आहे. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत. कुंडी मातीचीच. पाणी द्यायचं की नाही हे मी कुंडी उचलून ठरवते. हलकी लागली तर द्यायचं. मे महिन्यात दुपारची सावली आणि दोन दिवसांआड सकाळी लवकर पाणी. पहिल्या पावसापासून सप्टेंबर संपेपर्यंत कुंडी सज्जाखाली. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. तिचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. तळाशी गिट्टीचा थर देऊन ही मेहनत वाचत नाही. वरची माती चिकट असेल तर पाणी त्या थराच्या वरच अडून राहतं.

"दक्षिणेच्या उन्हात ठेवा"

विदेशी पुस्तकांतला हा सल्ला जिथे लिहिला जातो तिथे बरोबर असतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातही सूर्य कधी डोक्यावर येत नाही, दुपारी तो कायम दक्षिणेकडेच झुकलेला असतो. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 26 मेच्या आसपास, म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो तेव्हाच, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी जरासा उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरात दिवसभर न्हाऊन निघणारी दक्षिणेची खिडकी जूनमध्ये सावलीत जाते आणि उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं.

सगळ्यात वाईट पश्चिमेची भिंत. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. त्या आठवड्यात माझ्या सेजच्या आठ कुंड्या जिन्याच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टेकून होत्या. रात्री नऊला भिंतीला तळवा लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी ऊब. प्रत्येक झाडाची भिंतीकडची बाजू कुरकुरीत जळाली होती, बाहेरची हिरवी. पूर्वेच्या भिंतीजवळच्या सेजला काही झालं नव्हतं. मधलं अंतर पाच पावलं.

तेव्हापासून मी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला फरशीवर सावलीची खडूने रेघ ओढते. जानेवारीत, मेमध्ये, ऑगस्टमध्ये. नवीन लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांना उत्तर रविवारच्या आत हवं असतं. वर्षभर थांबवत नसेल तर निदान भिंतीला रात्री हात लावून बघा.

सावलीतलं झाड एकदम उन्हात काढू नका. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं आणि नंतर ते जाड होत नाही. उन्हाला टिकणारी पानं नव्यानेच यावी लागतात. रोज थोडा वेळ वाढवत तीन आठवडे द्या. जुनी पानं जळाली तरी झाड उपटू नका, शेंडे बघा.

हिरवी जाळी बारा महिने ठेवू नका, झाड लांबुडकं आणि लेचंपेचं होतं.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडत जातं, क्षार मागे उरतात. कूलरखालच्या ओल्या सावलीत पुदिना ठेवा, तो तिथे खूश असतो.

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर काहीही ठेवू नका.

थंडी विसरणं

नागपूर म्हणजे ऊन, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत तळाला साठते. कॅलिफोर्नियाच्या त्या दऱ्यांमध्ये लॉरेल सुमॅक नावाचं झुडूप आहे, त्याला दहिवर, म्हणजे गोठवणारी थंडी, अजिबात सोसत नाही. ते जिथे धडधाकट उभं असे, तिथे लिंबू-संत्र्याची बाग लावायला हरकत नाही, असा तिथल्या बागायतदारांचा आडाखा होता. संत्र्याच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे चटकन कळायला हवं.

29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला. काटोल रोडकडे आमच्या नातेवाइकांचं शेत आहे. नाल्याजवळच्या सखल भागातली तुळस दुसऱ्या दिवशी काळी पडली होती, पानं उकडल्यासारखी. वर विहिरीजवळ, वीसेक पावलांवरची तुळस मंजिऱ्यांसकट उभी होती.