सीआयपी ‘पूर्ण’ झालं, तरी दूध नासतंय? या चुका टाळा

मी काम केलेल्या एका डेअरीत एकाच सायलोचं (दूध साठवायच्या उंच टाकीचं) दूध लागोपाठ तीन दिवस उकळताना फाटलं. पॅनेलवर दरवेळी ‘सीआयपी पूर्ण’, म्हणजे टाक्या-पाइप न उघडता आतूनच करायची धुलाई (क्लीनिंग-इन-प्लेस) झाली. शेवटी स्प्रे बॉल (टाकीत आतून पाणी फवारणारा छिद्रांचा गोळा) उतरवला, तर निम्मी छिद्रं गॅस्केटच्या (सांध्यातल्या रबरी कड्याच्या) काळ्या तुकड्यांनी बुजलेली. मॅनहोलमधून बॅटरी मारली, तेव्हा मागच्या भिंतीवर पिवळट पट्टा दिसला. तिथे पाणी पोचतच नव्हतं. पॅनेलला कळतं ते एवढंच, की ठरलेला वेळ संपला.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पहिल्या पाण्याची. दूध लवकर सुटेल म्हणून ऑपरेटर कढत पाणी सोडतो. पण ६०–६५ अंशांच्या पुढे दुधातली प्रथिनं पत्र्यावर शिजून घट्ट बसतात आणि मग कॉस्टिकलाही (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणालाही) सहज दाद देत नाहीत. पहिलं पाणी कोमटच हवं, ४० अंशांच्या आसपास, आणि रिटर्नला (परतीच्या पाइपवर) स्वच्छ दिसेपर्यंत.

दुसरी चूक कॉस्टिकचं तापमान त्याच्या टाकीवर बघण्याची. टाकीत ८० असलं तरी लांबच्या लाइनवरून परत येणारं कॉस्टिक ६२ वर आलेलं असू शकतं. १ ते १.५ टक्के कॉस्टिकचा वेळ मोजायचा तो रिटर्नला ७० अंश दिसल्यावर, आधी नाही.

वेगाकडे तर कुणी बघतच नाही! पाइपमध्ये सेकंदाला किमान दीड मीटर वेग हवा. दोन इंची लाइनला ताशी साधारण १०,००० लिटर. घाईच्या वेळी एकाच पंपावर दोन लाइनी धुतल्या की प्रवाह विभागला जातो आणि दोन्ही अर्धवट राहतात. आडबाजूला निघालेल्या बंद तुकड्यांत तर प्रवाह शिरतच नाही. असे तुकडे कापून टाका.

पाश्चरायझरच्या (दूध तापवून जंतू मारणाऱ्या यंत्राच्या) प्लेटवर पांढरा, खरखरीत थर दिसला तर तो दूधखडा, म्हणजे दुधातल्या क्षारांचा साका. तो कॉस्टिकने जात नाही, त्याला नायट्रिकसारखं ॲसिडच लागतं. मात्र ॲसिड आणि निर्जंतुकीकरणाचं हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. माणूस जिवाला मुकेल.

एवढं करूनही तक्रार थांबत नसेल, तर पंप बंद करून, लाइन रिकामी करून एक युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) उघडा. गॅस्केटखाली बोट फिरवून वास घ्या. आंबूस आला, तर गॅस्केट बदला आणि लाइन पहिल्या पाण्यापासून पुन्हा धुवा.