व्हिडिओ लिंक केलेलं प्रेझेंटेशन पाठवताय? या चुका टाळा

"तुमच्याकडे व्हिडिओ चालत होता, आमच्याकडे चालत नाही" असा फोन आला की मी एवढंच विचारतो, काय काय पाठवलं होतं? उत्तर ठरलेलं: "पीपीटी पाठवली की!"

पीपीटी गेली, व्हिडिओ घरीच राहिला. पॉवरपॉइंटमध्ये 'लिंक टू फाइल' निवडलं की स्लाइडमध्ये व्हिडिओ येत नाही, तो कुठे ठेवलाय याचा पत्ता तेवढा येतो. २००७च्या आवृत्तीपर्यंत सगळेच व्हिडिओ असे लिंक व्हायचे. २०१०पासून ते आपोआप फाइलच्या आत बसतात, पण फाइल फुगते म्हणून मंडळी पुन्हा लिंककडे वळतात. वळा, पण ४ एमबीच्या पीपीटीत २०० एमबीचा व्हिडिओ मावणार नाही, एवढा हिशोब पाठवण्याआधी करा.

फसवतं ते स्लाइडवरचं चित्र. एका कार्यक्रमात कॉम्प्युटर माझ्याकडे होता. वक्त्यांची फाइल आदल्या रात्री आली, मी सगळ्या स्लाइड्स चाळल्या. व्हिडिओचं पहिलं दृश्य स्वच्छ दिसत होतं, म्हणून प्लेचं बटण काही दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात ते दाबलं आणि चित्र ढिम्म हलेना. व्हिडिओ त्यांच्या घरच्या डेस्कटॉपवर! बिचाऱ्यांनी व्हिडिओत काय घडतं ते हातवारे करून सांगितलं. तेव्हापासून दुसऱ्याची फाइल असली तरी प्रत्येक व्हिडिओ मी चालवूनच बघतो.

माझी सवय अशी: आधी नवा फोल्डर, त्यात पीपीटी सेव्ह करायची, व्हिडिओही तिथेच आणायचा आणि मगच लिंक करायचा. नवशिके डाउनलोड्समधून थेट लिंक करतात आणि महिन्याने डाउनलोड्स साफ करतात. पूर्ण झालं की अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतो, कॉम्प्युटरवरच्या मूळ फोल्डरचं नाव बदलतो आणि पेन ड्राइव्हवरची प्रत चालवतो. नाव बदलायचं कारण, नाहीतर ती प्रत गुपचूप मूळ जागेवरचाच व्हिडिओ उचलते आणि आपल्याला वाटतं, जमलं! दोन मिनिटांचं काम आहे, पण "वेळ नाही" म्हणणारे नंतर फोनवर अर्धा तास घालवतात. माझा अर्धा तास.

फोल्डरची झिप (अख्खा फोल्डर दाबून बसवलेली एकच फाइल) पाठवलीत तर "आधी एक्स्ट्रॅक्ट करा", म्हणजे सगळं बाहेर काढा, हे ठळक लिहा. झिपच्या आतच पीपीटीवर डबल-क्लिक केलं की विंडोज ती एकटीच तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं आणि व्हिडिओ मागे राहतो.

लिंक केल्यावर व्हिडिओचं नाव बदलू नका. 'फायनल', 'फायनल २' हे लिंक करण्याआधी.

पॉवरपॉइंटमधल्या 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी' या पर्यायाच्या जुनाट नावाला बिचकू नका. ते साध्या फोल्डरमध्येही लिंक केलेल्या फाइल गोळा करून देतं.

फोनवरचा व्हिडिओ तसाच टाकू नका. आयफोन व्हिडिओ ज्या एचईव्हीसी प्रकारात साठवतो, तो विंडोजवर अडकू शकतो. कन्व्हर्टरमध्ये चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी हे प्रकार निवडून एमपी४ फाइल करून घ्या.

आणि व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच असेल, तर लिंकचा सोस कशाला? 'फाइल'मधल्या 'इन्फो'त लिंक्सची यादी उघडा, 'ब्रेक लिंक' केलं की व्हिडिओ आत बसतो. मग फाइलचा आकार कमी करायला 'कॉम्प्रेस मीडिया' चालवा. हाच क्रम ठेवा, कारण कॉम्प्रेस फक्त आत बसलेल्या व्हिडिओवर चालतं.