रक्तदाबासाठी पोटॅशियम: खान्देशी ताटात काय वाढावे

पोटॅशियममुळे मूत्रपिंडे जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून रक्तदाब उतरण्यास मदत होते. प्रौढांना दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते, म्हणजे जळगावची केळी घरात असली तरी डाळी व पालेभाज्या हव्यातच. भाजी उकडलेले पाणी फेकल्यास पोटॅशियमही जाते, ते आमटीत घालावे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेले वांगे सोलताना सुटणारा रसही भरितातच कालवावा. शेवभाजी मात्र, आवडती असली तरी, मिठामुळे क्वचितच खावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे पोटॅशियम रक्तात साठू शकते. अशांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा, आणि पोटॅशियमयुक्त मीठ तर परस्पर मुळीच सुरू करू नये.