तोंडी हिशेब कसा करावा: क्रियांचे गुणधर्म वापरून

क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण ही नावं शाळेत पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. खरं तर हिशेबात आपल्याला कुठे मोकळीक आहे आणि कुठे नाही, हे तीच सांगतात.

१. बेरजेत आधी जोड्या शोधा. ३८ + ५७ + ६२ + ४३ ही बेरीज ओळीने करत बसू नका. ३८ आणि ६२ मिळून शंभर, ५७ आणि ४३ मिळून शंभर, उत्तर २००. संख्यांची जागा बदलली ही क्रमनिरपेक्षता, हव्या त्या दोन आधी एकत्र घेतल्या हे साहचर्य. गुणाकारातही तसंच: २५ × ३७ × ४ मध्ये आधी पंचवीस चोक शंभर करा, मग ३७०० समोरच आहेत.

२. मोठा गुणाकार फोडा. माझ्या मते सगळ्यांत कामाचा गुणधर्म वितरणाचा: गुणायची संख्या फोडा, प्रत्येक भागाने वेगळं गुणा आणि ती उत्तरं मिळवा किंवा वजा करा. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त गुणाकाराचं उदाहरण आहे १३५ × १२, आणि ते सोडवायच्या अनेक वाटा तिथेच दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा: १०८० + ५४० = १६२०. किंवा बाराऐवजी वीसने गुणा आणि जास्तीची आठपट काढून टाका: २७०० − १०८०, पुन्हा १६२०. किती सुंदर आहे हे! ४५ रुपयांच्या ९८ वह्यांचे पैसे काढतानाही हीच दुसरी वाट धरा: शंभर वह्यांचे ४५००, त्यातून दोन वह्यांचे ९० वजा, म्हणजे ४४१०.

३. वजाबाकी आणि भागाकारात जपून. इथे क्रमाची मोकळीक नाही आणि कंसही हवा तिथे घालता येत नाही. १०० − ४० − १० म्हणजे ५०, पण १०० − (४० − १०) म्हणजे ७०. यावर उपाय म्हणजे वजाचं चिन्ह त्या संख्येचाच भाग समजा आणि संख्या हलवताना तिच्यासोबत न्या. ८३ − २९ + १७ मध्ये आधी ८३ + १७ करून त्यातून २९ काढले, की ७१. भागाकारात भाज्य फोडलं तर चालतं: ९६ ÷ ४ म्हणजे ८० ÷ ४ आणि १६ ÷ ४ यांची बेरीज, २४. भाजक मात्र असा फोडू नका. २४ ÷ (२ + ४) चं उत्तर ४ आहे; फोडून केलं तर १२ + ६ = १८ येतं, आणि ते चूक आहे.

४. शून्य आणि एक. शून्य मिळवल्याने किंवा एकने गुणल्याने संख्या बदलत नाही, म्हणून त्यांना अविकारक म्हणतात. एकचा उपयोग अपूर्णांकात होतो: ३/४ ला २५/२५ ने, म्हणजे एकनेच गुणलं, की ७५/१००, अर्थात ७५ टक्के. शून्याने भागायचं मात्र नाही. ६ ÷ ० म्हणजे ‘शून्याला कितीने गुणलं की ६ येतील?’ अशी संख्याच नाही.

आता १२५ × ७२ करून पाहा: एकदा ७२ चे ८ × ९ करून, एकदा ७० + २ करून. दोन्हीकडून ९००० यायला हवेत.