पणजी आणि तिसवाडी बेट कसे पाहावे

गोव्यात येणारी मराठी कुटुंबे पणजीला बहुधा दोन-तीन तासच देतात. मांडवीच्या काठी छायाचित्रे काढून झाली, मिरामारला एक फेरी झाली, की गाडी कळंगुटकडे वळते. ज्यांना याहून अधिक पाहायचे आहे, त्यांनी पणजी हे बेटावरचे शहर आहे ही गोष्ट ध्यानात घ्यावी, म्हणजे दिवसाची आखणी आपोआप होते. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, अशा पाण्याने वेढलेले हे तिसवाडी बेट. त्याच्या पूर्वेकडे जुने गोवे आहे आणि पश्चिमेकडे किनारे आहेत. म्हणून सकाळ पूर्वेला, दुपार पणजीत आणि संध्याकाळ पश्चिमेला घालवावी. क्रम उलटा केल्यास भर दुपारी तापलेल्या वाळूवर उभे राहण्याची वेळ येते.

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याला सतत बस सुटतात. अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. बसमध्ये डाव्या बाजूची जागा धरावी, कारण रायबंदरपर्यंतचा रस्ता मांडवीला लागून जातो आणि उजवीकडे मिठागरे व खारफुटी दिसते. हा बांधरस्ता १६३३-३४ मध्ये लिन्यारिश या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत बांधला गेला आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. नकाशावर ठिकाण शोधताना मात्र एक काळजी घ्यावी. ‘गोवा वेल्हा’ हे जुवारीच्या बाजूचे वेगळे गाव आहे, आणि पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण तिकडे होती. भाड्याच्या गाडीने तिकडे जाऊन जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची चौकशी करणारे पर्यटक अधूनमधून भेटतात.

आफोंसो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून जुने गोवे जिंकले. पुढे साथीच्या रोगांनी ते ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीकडे गेला. १९८६ पासून येथील चर्चे आणि मठ जागतिक वारसा यादीत आहेत. सगळी चर्चे पाहण्याचा हट्ट धरू नये. चौथ्या चर्चनंतर डोळ्यांना वेद्या सारख्याच दिसू लागतात. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकेत सकाळी लवकर जावे. तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. खालची संगमरवरी समाधी टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेली आहे, पण तिच्यावरची चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. गर्दी नसेल तर तिच्यावरचे कोरीव प्रसंग निवांत पाहता येतात. बाहेरच्या भिंतीचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकल्यामुळे उघडा पडलेला तांबडा जांभा आज या वास्तूची ओळख झाला आहे. समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, तर शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय बंद असते.

त्यानंतर चढण चढून संत ऑगस्टीनच्या भग्न मठापर्यंत जावे. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा जेमतेम अर्धा भाग उभा आहे. १८३५ मध्ये मठ सोडून द्यावा लागला आणि पुढच्या काळात तो टप्प्याटप्प्याने ढासळला. माझ्या मते जुन्या गोव्यात वेळ कमी असेल तर एखादे चर्च गाळावे, पण ही जागा गाळू नये.

मराठी वाचकाला खरी गोडी वाटेल ती पलीकडच्या दिवाडी बेटाची. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत तेथे पोहोचवते. कदंबांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर मूळचे या बेटावरचे. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करवला. तिसवाडीत जुनी देवळे का दिसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर या हकिकतीत आहे, कारण खांडोळ्याचा महागणपतीही मूळचा दिवाडीचाच. पिएदाद येथील टेकडीवरच्या चर्चशेजारच्या स्मशानभूमीत एक लहानसे चॅपेल आहे. त्यात शिरून मान वर करावी: छताचे नक्षीकाम कदंबकालीन मंदिराचे आहे. परतताना बोटीतून उतरल्यावर समोर व्हाइसरॉयची कमान येते. नदीकडच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा आहे, कारण नवा व्हाइसरॉय याच वाटेने शहरात शिरत असे.

दुपारी एकच्या सुमारास पणजीला परतावे आणि जेवून घ्यावे. हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तळलेला मासा आणि सोलकढी असे साधे ताट बाजाराच्या आसपासच्या खानावळींत चांगले मिळते. दुकाने साडेतीन-चारपर्यंत बंद असतात, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. त्या वेळात आझाद मैदानासमोरच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रे पाहता येतात. तेथून चर्च चौकात यावे. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या माथ्यावरची प्रचंड घंटा सकाळी पाहिलेल्या ऑगस्टीन मठातली आहे.

ऊन उतरू लागले की फोंताइन्हास आणि मळा या भागात पायीच फिरावे. गाडी आत नेली तर गल्लीत अडकते आणि रहिवाशांचाही खोळंबा होतो. जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले दिसतात. त्यांतून उजेड मऊ होऊन आत येतो. ही घरे राहती आहेत, म्हणून दारात बसून किंवा पायऱ्यांवर चढून छायाचित्रे काढू नयेत. येथील संत सेबास्टियन चॅपेलमधला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. मळ्यातून वर चढले की मारुतीचे देऊळ लागते. पोर्तुगीज अमदानीतच १८१८ मध्ये उभे राहिलेले महालक्ष्मी मंदिरही शहरात आहे. मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा आणि त्याच्या बाजूला असलेला संमोहनतज्ज्ञ आबे फारिया यांचा पुतळा जाता जाता पाहावा.

पाचच्या सुमारास कांपालच्या रस्त्याने मिरामार गाठावे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तेथे आहे आणि मनोहर पर्रीकर यांचीही. मांडवीच्या मुखाशी प्रवाह फसवा असल्यामुळे तेथे पोहू नये, वाळूवरून चालावे. पुढचा करंझाळ्याचा किनारा तुलनेने शांत आहे आणि तेथे कधी कधी रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, किनाऱ्यावर ओढताना दिसते. दोनापावलच्या कड्यावरून उडी घेणाऱ्या प्रेमिकेची कथा वाटाडे रंगवून सांगतात, ती मनोरंजन म्हणूनच ऐकावी. पाण्यात उतरायचेच असेल तर लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे, आणि लाल निशाण असेल तर जीवरक्षकाशी वाद घालू नये. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात जाणे टाळावे. मात्र जुने गोवे आणि दिवाडी हिरवीगार असतात ती याच दिवसांत.

सर्वांत सोयीचा काळ जानेवारी-फेब्रुवारीचा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात झेवियर यांचे आणि ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, भरते. फेस्त पाहायचे असेल तर त्या दिवशी स्वतःची गाडी पणजीत ठेवून बसनेच जावे आणि इतर ठिकाणे दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावीत.