पनीरच्या पाकिटावरची तारीख

गेल्या पावसाळ्यात आणलेलं पनीर तारखेच्या चार दिवस आधीच फुगलं. कापलं तर बोटांना बुळबुळीत लागलं. आदल्या रात्री म्हापशात बराच वेळ वीज नव्हती, हे नंतर ध्यानात आलं. छापलेली तारीख बंद पाकिटासाठी असते, आणि तीही पाकिटावर सांगितलेल्या थंडाव्यात ते राहिलं तरच.

आता शब्दांचं. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' म्हणजे शेवटची तारीख. ती उलटली की दूध, पनीर, मासळी टाकून द्या, वास चांगला येत असला तरी. घातक जंतूंना दर वेळी वास असतोच असं नाही. 'बेस्ट बिफोर' चवीबद्दल आणि ताजेपणाबद्दल बोलतं. रवा, बिस्किटं त्यानंतरही बरेचदा चांगली असतात, नीट पाहून वापरा. घाबरून भरलेले डबे फेकू नका, जीव तुटतो ते बघून. मात्र दोन्ही तारखा असतील तर 'एक्स्पायरी'चंच ऐका.

परदेशी चीज घेताना जरा थांबा. अमेरिकी पाकिटावर महिना आधी येतो, त्यामुळे ०५/०८ म्हणजे ८ मे, ५ ऑगस्ट नव्हे.

बाजारात थंड वस्तू सगळ्यात शेवटी घ्या. फ्रीज ५ अंशांच्या आत ठेवा. ठिपक्यांत छापलेली तारीख ओल्या हाताने पुसते, म्हणून घरी आल्याबरोबर ती मार्करने मोठी लिहा. पाकीट फोडलं की फोडल्याचा दिवसही लिहा. पनीर मग दोन-तीन दिवसांत संपवायचं.