हाताने जुळवलेली डिरेक्टरी गूगलमध्ये दिसत नाही? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा उत्साही भेटतो. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या दुकानांची आणि कारागिरांची डिरेक्टरी केलेली असते आणि तक्रार एकच असते, "गूगलवर आमची पानंच येत नाहीत ओ." पानं उघडून बघितली की त्याच त्या चुका.

आधी एक समजूत सोडा. डिरेक्टरी माणसांनी संपादित केली आहे, एवढ्यावर गूगल आज वेगळा मान देत नाही. पूर्वी द्यायचं. याहूची डिरेक्टरी १९९४ ची. १९९८ मध्ये सुरू झालेल्या डीमॉझ या डिरेक्टरीवर स्वयंसेवक संपादक एकेक साइट बघून तिचं छोटं वर्णन लिहीत आणि गूगल कित्येकदा तेच वर्णन निकालाखाली दाखवायचं. गूगलची स्वतःची डिरेक्टरीही डीमॉझच्याच नोंदींवर उभी होती. ती २०११ मध्ये बंद झाली, याहूची २०१४ च्या अखेरीस आणि डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. त्या काळातली एकच गोष्ट अजून कामाला येते, ती म्हणजे संपादकाने स्वतः लिहिलेल्या दोन ओळी. नेमक्या त्याच लिहायचा लोकांना कंटाळा.

बेळगावच्या शहापूर भागातल्या साडीच्या दुकानांची चाळीस पानं आणि चाळीसही पानांवर "दर्जेदार माल, वाजवी दर, तत्पर सेवा". अशी पानं सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच साधन) "क्रॉल केलं, सध्या इंडेक्समध्ये नाही" या यादीत जाऊन पडतात, म्हणजे गूगलने पान वाचलं पण आपल्या नोंदींत घेतलं नाही. मग लोक विचारतात की सर्व्हर बदलू का. सर्व्हर नको, मजकूर बदला. मी स्वतः जाऊन विचारून येतो. उद्यमबागेतली फाउंड्री असेल तर ओतकाम बिडाचं की स्टीलचं, किती किलोपर्यंतचा जॉब घेतात, मशिनिंग तिथेच होतं का, सुट्टी कुठल्या वारी. दिवसाला चार-पाच नोंदी होतात. हळू वाटतं, पण गिऱ्हाईक नेमकं हेच शब्द टाकून शोधतं.

दुसरी चूक आमच्या भागाची खास. १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेलगाम'चं सरकारी नाव इंग्रजीतही 'बेळगावी' झालं. ओळखीच्या एकाची डिरेक्टरी तेव्हा चांगली चालली होती. त्याच आठवड्यात त्याच्याकडच्या मुलाने अख्ख्या डेटाबेसमध्ये जुनं स्पेलिंग शोधून नवं बसवलं, एका झटक्यात. पानांचे पत्ते (URL) बदलले आणि जुन्या पत्त्यांवर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसू लागलं. ज्या दुकानांच्या ईमेलमध्ये जुनं स्पेलिंग होतं ते ईमेलही बदलले, म्हणजे चौकशीची पत्रं परत येऊ लागली. दुकानांच्या पाट्यांवरची नावंसुद्धा डिरेक्टरीत वेगळीच झाली. काही आठवड्यांत निकालांत वर असलेली पानं एकेक करून गळाली. बॅकअप नव्हता. सुदैवाने जुना साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, एका पेन ड्राइव्हवर सापडला. त्यावरून रात्री जागून आम्ही जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी जोडी लावत ३०१ रीडायरेक्ट घातले, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला आपोआप नव्यावर जाईल अशी कायमची सोय केली. ईमेल दुरुस्त करायला मात्र दुकानदारांना फोनच करावे लागले.

तेव्हापासून चालू पानाचा पत्ता मी बदलत नाही. बदलणं भागच असेल तर आधी शीटमध्ये जुने-नवे पत्ते शेजारी-शेजारी लिहितो, मगच हात लावतो. गूगल म्हणतं, रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. मी ते काढतच नाही. नावांचं म्हणाल तर रोमन लिपीत लोक जुनं-नवं दोन्ही टाकतात, मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी. ही रूपं वर्णनात आणि दुकानाच्या पत्त्यात सहज येऊ द्या, शीर्षकात कोंबू नका. कन्नड मजकूर कन्नड जाणणाऱ्याकडून लिहून घ्या. मशीनचं भाषांतर न वाचता टाकलंत तर गल्लीतलं गिऱ्हाईकही हसेल.

रिकामे वर्ग उघडून ठेवू नका. 'चिकोडी – मंगल कार्यालये' आणि खाली शून्य नोंदी, हे पान कुणाच्या कामाचं? पाच नोंदी होईपर्यंत मी ते नोइंडेक्स ठेवतो, म्हणजे 'हे निकालांत दाखवू नका' अशी खूण पानाच्या कोडमध्ये घालतो. पण तेच पान रोबॉट्स फाइलमध्येही (robots.txt, कुठली पानं वाचू नयेत ते गूगलला सांगणारी फाइल) अडवू नका, नाहीतर गूगलला नोइंडेक्सची खूण वाचताच येत नाही.

पैसे घेऊन दिलेल्या लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड'ची खूण हवीच.

"एका दिवसात पाचशे डिरेक्टऱ्यांत तुमची नोंद" विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हलक्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गूगल स्पॅममध्ये धरतं आणि गूगलने निकाल लावण्याच्या पद्धतीत केलेल्या २०१२ च्या पेंग्विन बदलात अशा लिंकांवर उभ्या असलेल्या अनेक साइट आपटल्या. घाईने मिळवलेलं इथे टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

आपल्याच मोबाइलवर शोधून "पहिल्या पानावर आलो" म्हणू नका. बेळगावात टिळकवाडीत बसून दिसणारे निकाल आणि पुण्यात दिसणारे निकाल वेगळे असतात. सर्च कन्सोलमधला सोळा महिन्यांपर्यंतचा तक्ता बघा, कुठल्या शब्दांवर पान दिसलं आणि किती जणांनी उघडलं ते.

आणि नोंदी ताज्या ठेवा. गणपतीच्या आधी आणि उन्हाळ्यात, असा वर्षातून दोनदा मी यादी घेऊन फोन करायला बसतो. दुकान हललेलं असतं, नंबर बदललेला असतो. लागत नसलेला नंबर त्याच दिवशी उतरवतो आणि पुढच्या रविवारी तिकडे चक्कर मारून येतो.